विषय: नव्या गाडीचं स्टिअरिंग अडकतंय, लेमन लॉ (सदोष नव्या गाडीचे पैसे परत मिळवून देणारा कायदा) लागू होतो का?

नमस्कार मंडळी,
कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो. मागच्या वर्षी घेतलेल्या नव्या गाडीचं स्टिअरिंग फ्रीवेवर सरळ जाताना अडकतं. जरा जोर लावला की झटक्यात सुटतं आणि गाडी थेट बाजूच्या लेनच्या रेघेवर जाते. डीलरकडे दोनदा नेली. एकदा अलाइनमेंट करून दिलं, एकदा "दोष आढळला नाही" म्हणून परत. मागे मुलं बसलेली असतात, जीव मुठीत धरून चालवते. वकील परवडेल का?
मेधा

---

मेधाताई,
आधी ती गाडी फ्रीवेवर नेणं थांबवा. पैशांचं नंतर बघू.

दोन्ही वेळच्या रिपेअर ऑर्डर, म्हणजे डीलरने दिलेले दुरुस्तीचे कागद, हातात आहेत ना? सगळी भिस्त त्यांच्यावर आहे. "दोष आढळला नाही" लिहिलं तरी ती खेप मोजली जाते, पण तक्रार तुमच्या शब्दांत हवी. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर नुसतं "अलाइनमेंट तपासा" लिहितात, ते चालवून घेऊ नका. "ताशी ६५ मैलांच्या वेगात स्टिअरिंग अडकतं, गाडी लेन सोडते" असं लिहून घ्या. मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर चक्कर मारा.

कॅलिफोर्नियात पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८,००० मैलांत, जे आधी संपेल त्यात, जिवावर बेतणाऱ्या दोषासाठी दुरुस्तीच्या दोन खेपा झाल्या तर कंपनीला पुरेशी संधी मिळाली असं कायदा तुमच्या बाजूने गृहीत धरतो. इतर दोषांना चार खेपा, किंवा गाडी एकूण ३०हून जास्त दिवस गॅरेजमध्ये. स्टिअरिंग पहिल्या प्रकारात बसतं असं मी ठामपणे म्हणेन. मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर कंपनीला थेट लेखी कळवावं लागतं. डीलरला सांगून भागत नाही.

पैसे परत मिळताना पहिल्या तक्रारीपर्यंतच्या मैलांची वजावट होते: किंमत गुणिले मैल, भागिले १,२०,०००. ४२,००० डॉलरची गाडी ६,००० मैलांवर दाखवली असेल तर २,१०० डॉलर कापतात. म्हणून पहिल्या कागदावरचा मैलांचा आकडा जपा.

दावा जिंकलात तर वकिलाची वाजवी फी कंपनीच भरते. लगेच भेटा, नव्या नियमांखाली काही कंपन्यांसाठी मुदती आखूड झाल्या आहेत.
श्रीरंग

---

श्रीरंगदादा, आमची गाडी सेकंडहँड आहे, सस्पेन्शन खडखडतं, पण कंपनीची वॉरंटी शिल्लक आहे. तेच नियम का?
अमोल

---

नाही रे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की केवळ वॉरंटी शिल्लक आहे म्हणून जुनी गाडी या कायद्यापुरती "नवी" ठरत नाही. वॉरंटीत दुरुस्ती मात्र मागता येते. सस्पेन्शनचा खडखड असेल तर तो वॉरंटी संपण्याआधी कागदावर आण, आणि एनएचटीएसए या वाहन-सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय सरकारी संस्थेकडेही तक्रार नोंदव.
श्रीरंग