झाशीची राणी घोड्यावरून उतरल्यावर कोण होती?

पेठेतली मृणाल
परवा लेकीला घेऊन बालगंधर्वपाशी बसची वाट बघत होते. समोर झाशीच्या राणीचा पुतळा. लेक म्हणाली, "आई, ती घोड्यावरून उतरली की काय करायची?" मला पटकन काही सांगता आलं नाही.

घरी येऊन गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' पुन्हा काढला. वरसईचे हे भिक्षुक सत्तावन्नच्या बंडाच्या धामधुमीत झाशीत होते. पुढे काल्पीच्या वाटेवर, एका विहिरीपाशी त्यांना राणी भेटते. पठाणी वेश, अंगभर धूळ, तहानेनं सुकलेला चेहरा. भटजी पाणी काढायला पुढे होतात, तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. मग मडक्यातलं पाणी ओंजळीनं पिते. मी अर्धा शेर तांदळाची धनीण, मला विधवेला या उद्योगाची काय गरज होती, असंही बोलून जाते. हे वाचताना घशाशी आवंढा येतो.

आपण तिची तलवार तेवढी उचलली आणि ही बाई मागे ठेवली, असं मला मनापासून वाटतं. तिचे पती गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये गेले. गव्हर्नर जनरल डलहौसीनं दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये झाशी खालसा केली. तेव्हा तिनं तलवार उपसली नाही. अर्ज केले, जॉन लँग या वकिलाला बोलावून सल्ला घेतला. ती कागदावरची झुंज मुलांना कोण सांगतं?

कसब्याचा अभय
मृणालताई, मला नाही पटत. पुतळा म्हणजे चरित्रग्रंथ नव्हे. अर्जविनंत्या तर कितीतरी संस्थानिकांनी केल्या, त्यांची नावं आज कुणाच्या तोंडी आहेत? मार्च १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजनं झाशीला वेढा घातला, तेव्हा ती तटावर उभी राहिली. झाशी पडल्यावरही थांबली नाही. काल्पी, मग ग्वाल्हेर, आणि जूनमध्ये कोटा की सरायला लढतानाच गेली. बंडातल्या पुढाऱ्यांत सर्वांत शूर तीच, हे खुद्द रोजनं नोंदवलंय. तलवार बाजूला ठेवलीत तर उरेल ती एक दुःखी विधवा. तसं तिला आठवणं मला सोसत नाही.

पेठेतली मृणाल
तलवार बाजूला ठेवा म्हटलंच नाही मी. सगळे सनदशीर रस्ते बंद झाल्यावर उचललेली तलवार जास्त वजनाची असते, एवढंच म्हणतेय.

येरवड्याची सुजाता
दोघांनाही एक विचारते. झलकारीबाई कुठे आहे तुमच्या बोलण्यात? कोरी समाजातली, राणीच्या बायकांच्या फौजेतली, म्हणजे दुर्गा दलातली. राणीला निसटता यावं म्हणून तिचा वेश घेऊन इंग्रजांपुढे गेली, असं बुंदेलखंडात आजही सांगतात. २००१ मध्ये टपाल तिकीट निघालं. आपल्याकडे शंभरात पाच जणांना तरी नाव ठाऊक असेल का?

आणि मृणाल, तुझा तो विहिरीचा प्रसंग. जीव कासावीस झाला असतानाही ब्राह्मणानं आपल्यासाठी पाणी काढू नये, हे तिच्या मनात येतं. ती तिच्या काळाचीच बाई होती. हेही लेकीला सांग.

कसब्याचा अभय
सुजाता, झलकारीबद्दल आदर आहेच. पण ती हकिकत मुख्यतः लोककथेतून आलीय. तिला आणि कागदोपत्री इतिहासाला एका मापानं मोजता येणार नाही.

येरवड्याची सुजाता
तिच्या घरात लिहायला भटजी नव्हता, अभय. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांनी गाण्यांत जपलं. आधार किती पक्का ते जरूर तपासा, पण नावच घेतलं नाही तर तपासणार तरी काय?

पेठेतली मृणाल
सुजाता, पाण्याच्या त्या प्रसंगाकडे मी असं पाहिलंच नव्हतं. लेकीला दोन्ही सांगेन. येत्या १८ जूनला, राणीच्या स्मृतिदिनी, पुतळ्यापाशी ती पानं मोठ्यानं वाचू या का?

कसब्याचा अभय
येतो. पण वेढ्याची पानं आधी वाचायची. ती मी वाचणार.