मदत हवी आहे: फ्री पीएसए ९ टक्के, पण रक्त दोन दिवस वाटेतच होतं

नमस्कार मंडळी. आम्ही देवगडजवळचे. बाबा ६८ वर्षांचे. गणपतीत त्यांची लघवी अडली, चार दिवस कॅथेटर होता. तीन आठवड्यांनी पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) केलं, ६.८ आलं. ४ ते १० मधलं, म्हणजे धड इकडे ना तिकडे, म्हणून त्याच रक्तातून फ्री पीएसएही करून घेतलं. ते ९ टक्के.

मला समजलं ते असं: पीएसए हे प्रथिन रक्तात दोन रूपांत असतं. थोडं मोकळं (तेच फ्री), बरंचसं अँटीकायमोट्रिप्सिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला चिकटलेलं. कॅन्सर असेल तर मोकळ्याचा वाटा घटतो. २५ टक्क्यांच्या वर असला तर बहुधा नुसती वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, १० च्या खाली गेला तर संशय दाट. डॉक्टर थेट बायोप्सी म्हणतायत. आई तेव्हापासून धड जेवलेली नाही. बाबांचं आपलं एकच, "माका काय धाड भरली नाय, फवारणी कोण करतलो?"

माझी शंका वेगळीच आहे. रक्त शनिवारी सकाळी इथे घेतलं, मुंबईच्या लॅबला पोचलं सोमवारी. मध्ये लाईट गेलेली, बर्फ होता की नाही कोणी सांगत नाही. मोकळं पीएसए ट्यूबमध्ये लवकर खराब होतं, काही तासांत सीरम (रक्तातलं वरचं पाणी) वेगळं काढून थंड ठेवायचं असतं असं वाचलं. मग हे ९ टक्के बाबांचे की प्रवासाचे? पुन्हा तपासायचं तर गोव्यात बांबोळीला न्यावं की मुंबईला?

प्रतिसाद १: लॅबमध्ये काम करते. शंका रास्त आहे. उशीर झाला की मोकळं घटतं, एकूण आकडा त्यामानाने टिकतो. पण कॅथेटरने तोही चढतो, सहाएक आठवडे जाऊ द्या. गाव कुठलंही चालेल, जिथे मशीन आहे तिथेच जाऊन रक्त द्या. बायोप्सीआधी एमआरआय करायचा का, तेही विचारा. आणि बाबा प्रोस्टेट आकसवणाऱ्या फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड गोळ्या घेतात का? त्या गोळ्यांनी एकूण पीएसए साधारण निम्म्यावर येतं.

धागाकर्ता: आत्ताच पाकीट बघितलं. टॅम्सुलोसिनबरोबर ड्युटास्टेराइड. दीड वर्षं चालू आहे. म्हणजे ६.८ चे १३ च्या पुढे धरायचे? ही गोळी दुसऱ्या डॉक्टरांची, आताच्यांना आम्ही सांगितलीच नव्हती. सकाळी पाकीट घेऊनच जातो. फवारणीला चुलत्यांना सांगितलंय.