डेव्हनचे अर्लपद: सनदेत नसलेले दोन शब्द आणि तीन थोरल्या बहिणी

मोडीवाचक

वंशावळी वाचण्याची मला जुनी आवड आहे आणि ज्या एका प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा वळते, ते इंग्लंडच्या कोर्टनी घराण्याचे, म्हणजे डेव्हनच्या अर्लपदाचे आहे (अर्ल हा तिथला एक वंशपरंपरागत उमरावी किताब). एडवर्ड कोर्टनी जेमतेम अकरा-बारा वर्षांचा असताना, १५३८ मध्ये, त्याला आईवडिलांबरोबर लंडनच्या टॉवरमध्ये डांबण्यात आले. वडिलांचा शिरच्छेद झाला आणि मुलगा पुढची पंधरा वर्षे त्याच भिंतींआड वाढला. १५५३ मध्ये गादीवर आलेल्या मेरी राणीने त्याची सुटका केली आणि त्याच वर्षी त्याला डेव्हनच्या अर्लपदाची सनद दिली. तीनच वर्षांनी तो इटलीत पाडुआ येथे अविवाहित वारला आणि घराण्याची ही पाती खुंटली.

आता सनदेची भाषा पाहा. एरवी अशा सनदेत ‘त्याच्या देहापासून झालेले पुरुष वारस’ असे लिहीत. या सनदेत लॅटिनमध्ये ‘हेरेदिबुस सुइस मास्कुलिस’, म्हणजे ‘त्याचे पुरुष वारस’, एवढेच आहे. ‘दे कोर्पोरे’, म्हणजे ‘देहापासून’, हे दोन शब्द त्यात नाहीत. पावणेतीनशे वर्षे पद संपले असेच सारे समजत होते. पहिल्या जेम्स राजाने १६१८ मध्ये कॅव्हेंडिश घराण्याला डेव्हनशरचे अर्लपद देऊनही टाकले आणि ते घराणे पुढे ड्यूकपदाला पोहोचले. म्हणूनच आज डेव्हनशरचे ड्यूक वेगळे आणि डेव्हनचे अर्ल वेगळे आहेत. १८३१ मध्ये, एक्स नदीच्या मुखाजवळील पाउडरहॅमच्या पातीतले विल्यम कोर्टनी यांचा दावा, त्या दोन शब्दांच्या अभावावर बोट ठेवून, पार्लमेंटच्या वरिष्ठ सभागृहाने, म्हणजे हाऊस ऑफ लॉर्ड्सने, मान्य केला. त्यांचा आणि एडवर्डचा समाईक पूर्वज शोधायला १३७७ मध्ये वारलेल्या ह्यू कोर्टनीपर्यंत मागे जावे लागते.

इतक्या दूरच्या भाऊबंदाला पद मिळते, पण सख्ख्या मुलीला मिळत नाही, हे मला मनापासून खटकते. सध्याचे अर्ल २०१५ मध्ये वडिलांच्या पश्चात गादीवर आले. त्यांना तीन थोरल्या बहिणी आहेत. राजमुकुटाच्या बाबतीत ‘आधी मुलगा’ हा नियम २०१३ च्या कायद्याने गेला. उमरावपदांच्या बाबतीत तो का राहावा?

विधिशाखा

आपण प्रकरण नेमके मांडले आहे, पण त्यातून मी उलट निष्कर्ष काढतो. १८३१ चा निर्णय कोणावर दया म्हणून झाला नाही. सनदेत जे लिहिले होते तेवढेच वाचायचे, ही त्यामागची शिस्त होती. शिवाय तो निर्णय एकटा पडला, हेही नमूद केले पाहिजे. विल्यम ल स्क्रोप याला १३९७ मध्ये मिळालेल्या विल्टशरच्या अर्लपदावर त्याच्या भावाच्या वंशजाने अगदी याच मुद्द्यावर दावा केला, तेव्हा १८६९ मध्ये लॉर्ड्सने तो फेटाळला आणि १८३१ च्या निर्णयावर टीकाही केली. दोन शब्दांच्या अर्थावरून इतका वाद होत असेल, तर साऱ्या सनदांचे शब्द एका फटक्यात बदलल्यावर काय होईल, याचा विचार करावा.

मुकुटाची गोष्ट वेगळी आहे, कारण राजा किंवा राणी साऱ्या नागरिकांची असते. उमरावपद हे एका व्यक्तीला, ठरावीक अटींवर दिलेले दान आहे. १९९९ मध्ये, तेव्हा ठेवलेला ९२ जणांचा अपवाद सोडता, वंशपरंपरागत उमरावांचा लॉर्ड्स सभागृहात बसण्याचा हक्कही संपला. वाडा आणि जमीन मृत्युपत्राने मुलीला देता येतात. मग नियम बदलून मुलीच्या हाती नेमके काय पडणार?

मोडीवाचक

नाव पडेल, आणि नावाला किंमत नसती तर १८३१ मध्ये ते मिळवण्यासाठी एवढा खटाटोप कोणी केला नसता.

‘सनदेचे शब्द बदलता येत नाहीत’ हे मात्र मला पटत नाही. पहिले ड्यूक ऑफ मार्लबरो जॉन चर्चिल यांचा मुलगा १७०३ मध्ये वारला. पार्लमेंटने १७०६ मध्ये खास कायदा करून पद मुलींकडे जाण्याची वाट मोकळी केली आणि १७२२ मध्ये थोरली मुलगी हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली. तो कायदा झाला नसता तर ते ड्यूकपद १७२२ मध्येच संपले असते. आपल्याला परिचित असलेले शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांच्या १९४७ च्या अर्लपदातही मुलींची तरतूद होती. त्यामुळेच १९७९ मध्ये त्यांच्या हत्येनंतर ते पद त्यांची थोरली मुलगी पॅट्रिशिया यांच्याकडे गेले.

सातारी

मी साताऱ्याचा असल्याने हा विषय मला थोडा वेगळ्या बाजूने भिडतो. १८४८ मध्ये आप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी घेतलेले दत्तक कंपनी सरकारने नामंजूर केले आणि छत्रपतींचे राज्य खालसा केले. तेव्हा गव्हर्नर जनरल असलेल्या डलहौसींना १८४९ मध्ये मार्क्विसपद (अर्लपदाच्या वरचा किताब) मिळाले. त्यांना दोन मुलीच होत्या. १८६० मध्ये ते वारले आणि मार्क्विसपद त्यांच्याबरोबरच संपले. जुने स्कॉटिश अर्लपद तेवढे एका चुलत भावाकडे गेले. दत्तक पुत्राला ब्रिटिश उमरावपदाचा वारसा आजही मिळत नाही.

म्हणून माझे मत दोघांहूनही निराळे आहे. केवळ मुलींसाठी दार उघडणे ही अर्धी दुरुस्ती झाली. ज्याला आईवडिलांनी आपले मूल म्हणून वाढवले, तो वारस का नाही, हेही विचारले पाहिजे.

विधिशाखा

दत्तकाचा प्रश्न मोठा आहे आणि त्यासाठी स्वतंत्र धागा हवा. मार्लबरो आणि माउंटबॅटन या दोन्ही उदाहरणांबद्दल एवढेच सांगतो की दोन्ही वेळा मूळ मानकरी हयात होता आणि तरतूद त्याच्याच घराण्यासाठी झाली. पाचशे वर्षांपूर्वीच्या सनदेत आज हात घालणे वेगळे. मात्र २०१३ च्या कायद्याने नवा नियम २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांनाच लागू केला, म्हणजे आधीच्या कोणाचा क्रम हिरावला नाही. उमरावपदांसाठी असा मसुदा आला तर माझा विरोध बराच मावळेल.

मोडीवाचक

त्या तारखेने पाउडरहॅमच्या तिघी बहिणींना काहीच मिळणार नाही, याचे मला वाईट वाटते, तरी तेवढे मी मान्य करीन. एक गोष्ट मात्र मसुद्यात स्पष्ट हवी. मध्ययुगात राजाच्या बोलावण्यावरून निर्माण झालेली काही जुनी बॅरनपदे मुलींकडे जातात, पण तिथे सगळ्या मुली सारख्या हक्काच्या मानतात. त्यामुळे दोघी-तिघी असल्या की पद कोणाचेच न राहता वर्षानुवर्षे अधांतरी लोंबकळते. म्हणून ‘मुलीसुद्धा’ एवढे लिहून भागणार नाही, तिथे ‘थोरले अपत्य’ हेच दोन शब्द लागतील.