पेमेंट गेटवे जोडला की ऑनलाइन दुकानाच्या सुरक्षिततेची आपली जबाबदारी संपते का?

प्रश्न : विकसक_परसोडी

नमस्कार. नागपूरच्या आयटी पार्क परिसरात आमची लहानशी सॉफ्टवेअर कंपनी आहे. काटोल-नरखेड भागातील संत्रा बागायतदारांच्या एका गटासाठी आम्ही थेट ग्राहकांना पेट्या विकणारे संकेतस्थळ तयार करत असून, आंबिया बहाराची फळे निघण्यापूर्वी ते सुरू व्हावे अशी गटाची इच्छा आहे. आमच्या कोटेशनमधील सुरक्षा तपासणीच्या रकमेवर त्यांच्या पदाधिकाऱ्यांनी हरकत घेतली आहे. पैसे गेटवेमार्फत, म्हणजे ग्राहकाकडून ऑनलाइन रक्कम वसूल करणाऱ्या सेवेमार्फत, येणार, कार्डाचा क्रमांक आपल्याकडे राहणार नाही आणि ब्राउझरमध्ये कुलपाचे चिन्हही दिसते, मग हा वेगळा खर्च कशासाठी, असे ते विचारतात. जबाबदारी संपत नाही याची मला खात्री आहे. परंतु गेटवे जोडल्यावर नेमके काय उरते, हे त्यांना समजेल अशा रीतीने कसे मांडावे?

उत्तर : जाळेकरी

कुलपाचे चिन्ह इतकेच सांगते की ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधल्या वाटेवर मजकूर कोणाला वाचता किंवा बदलता येत नाही. ही वाट सुरक्षित करण्यातच या उद्योगाची बरीच वर्षे गेली. ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपने १९९५ मध्ये एसएसएल ही वाटेवरचा मजकूर सांकेतिक करणारी पद्धत आणली तेव्हा अमेरिकेबाहेर जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ४० बिटांचीच, म्हणजे दुबळी, किल्ली वापरण्याचे बंधन होते. २००० च्या सुमारास ते बंधन सैल झाले, तरी त्या काळातील दुबळ्या पद्धती अनेक सर्व्हरांमध्ये तशाच राहून गेल्या आणि २०१५ मध्ये फ्रीक व लॉगजॅम हे हल्ले त्यांच्याच आधाराने शक्य झाले. जुने पर्याय काढून टाकण्याचे काम एसएसएलची जागा घेणाऱ्या टीएलएसच्या २०१८ मधील १.३ या आवृत्तीत निर्धाराने झाले. आज ही वाट, नीट बसवली असेल तर, भक्कम आहे.

कार्डाचा क्रमांक विक्रेत्याला दिसूच नये, ही कल्पनाही जुनी आहे. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी १९९६ मध्ये सेट नावाची व्यवस्था मांडली होती. मात्र तीत प्रत्येक खरेदीदाराने आपल्या संगणकावर वेगळे सॉफ्टवेअर आणि प्रमाणपत्र बसवणे अपेक्षित असल्याने ती रुजली नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवण्यास मनाई करून त्याजागी टोकनची, म्हणजे खऱ्या क्रमांकाऐवजी पर्यायी सांकेतिक क्रमांक वापरण्याची, पद्धत आणली आणि ती टिकली, कारण ग्राहकावर तिचा फारसा भार पडत नाही. सुरक्षेचे ओझे ग्राहकाच्या खांद्यावर टाकणारी रचना चालत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आता धोका उरला आहे तो वाटेच्या दोन्ही टोकांना. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावरील एका स्क्रिप्टमध्ये (पानासोबत ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडमध्ये) हल्लेखोरांनी थोडासा कोड घुसवला आणि ग्राहक कार्डाचे तपशील भरत असतानाच ते परस्पर दुसऱ्या सर्व्हरकडे जाऊ लागले. या प्रकरणात ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने २०२० मध्ये २ कोटी पौंडांचा दंड केला. कुलपाचे चिन्ह त्या पानावरही होतेच.

उत्तर : तपासनीस_धरमपेठ

वरील उत्तराला एक व्यावहारिक जोड देतो, कारण लहान संकेतस्थळांचे नुकसान बहुधा याहून साध्या मार्गाने होते. देय रक्कम ब्राउझरकडून आलेल्या माहितीवरून ठरवली, तर ती बदलणे मुळीच अवघड नसते. बाराशे रुपयांच्या पेटीची मागणी बारा रुपयांत नोंदवली जाते आणि गेटवे प्रामाणिकपणे बारा रुपयेच वसूल करतो. म्हणून रक्कम प्रत्येक वेळी सर्व्हरने आपल्या दरपत्रकावरूनच काढावी. तसेच 'पैसे भरले' असे दाखवणाऱ्या पानावर ग्राहक पोहोचला म्हणजे पैसे आले, असे कधीही धरू नये. गेटवे आपल्या सर्व्हरला जो संदेश पाठवतो, त्याची डिजिटल स्वाक्षरी (तो गेटवेकडूनच आल्याची खूण) तपासावी, त्यातील रक्कम व मागणी क्रमांक आपल्या नोंदीशी जुळवावेत आणि मगच माल पाठवावा. तोच संदेश दोनदा येऊ शकतो, तेव्हा एकाच मागणीच्या दोन पेट्या रवाना होणार नाहीत याचीही सोय हवी.

दुसरी गोष्ट बिलाची. पत्त्याच्या पट्टीतील मागणी क्रमांक एकाने वाढवला आणि दुसऱ्याच ग्राहकाचे बिल, फोन क्रमांक व घराचा पत्ता समोर आला, असे घडता कामा नये. संकेतस्थळांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या धोक्यांच्या २०२१ च्या यादीत प्रवेशनियंत्रणातील अशा त्रुटी पहिल्या स्थानावर आहेत. यांपैकी एकही गोष्ट गेटवे आपल्यासाठी करत नाही.

उत्तर : इतवारी_घाऊक

मी विकसक नाही, इतवारीत कापडाचा व्यवसाय करतो आणि ऑनलाइनही विकतो. आमच्यासारख्यांना तांत्रिक नावे सांगून उपयोग नाही. कोणत्या चुकीने माल फुकट जाईल, कोणत्या चुकीने ग्राहकाची माहिती बाहेर पडेल आणि त्याचे उत्तर कायद्याने कोणाला द्यावे लागेल, एवढे एका पानावर लिहून द्या. पैसे कशाचे हे कळले की व्यापारी ते देतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : विकसक_परसोडी

सर्वांचे मनापासून आभार. असे पान तयार करून गटासमोर ठेवतो. एक शंका उरते : काम सुपूर्द केल्यानंतर पुढील वर्षी आम्ही वापरलेल्या एखाद्या लायब्ररीत (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडमध्ये) दोष सापडला, तर तो कोणी दुरुस्त करायचा?

उत्तर : जाळेकरी

हा प्रश्न करारातच सोडवायला हवा, आणि माझ्या मते आपल्या उद्योगाची खरी अडचण येथेच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतील दोष उघड झाला तेव्हा आपल्या कोणत्या प्रणालीत ती वापरली आहे, हे शोधण्यातच असंख्य कंपन्यांची धावपळ झाली. त्यामुळे वापरलेल्या सर्व लायब्ररींची आवृत्तीसह यादी सुपूर्दीच्या कागदपत्रांत द्यावी. एएमसीमध्ये (वार्षिक देखभाल करारात) 'किरकोळ दुरुस्ती' असे मोघम न लिहिता सुरक्षा अपडेट किती दिवसांत बसवले जाईल, हे लिहावे. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग (प्रणालीतील घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. ते लॉग कोणाच्या सर्व्हरवर राहतील आणि रात्री घटना घडल्यास कळवणार कोण, हेही नावानिशी ठरवा. ग्राहकांच्या माहितीबाबत २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे गटाच्या पानावर अवश्य नमूद करा. एएमसीला गट तयार नसेल, तर संकेतस्थळ स्वतंत्रपणे न बांधता, अपडेटची जबाबदारी स्वतः घेणाऱ्या एखाद्या तयार सेवेवर दुकान उघडून देणे अधिक योग्य ठरेल, मग त्यात आपले काम कमी झाले तरी चालेल.