आईची सततची काळजी कशी कमी करू? (मदत हवी आहे, मोठं लिहिलंय)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, पण आता खरंच काही सुचत नाहीये म्हणून लिहितेय.

माझी आई, वय ६३, कराडला असते आण्णांसोबत. मी पुण्यात, नवरा आणि सात वर्षांचा मुलगा. धाकटा भाऊ चाकणला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. आईचा स्वभाव पहिल्यापासून काळजीचाच, पण गेल्या दीड-दोन वर्षांत फारच वाढलंय. सकाळी सातला पहिला फोन, उठलात का. मग मुलगा शाळेच्या व्हॅनमध्ये बसला का, व्हॅनवाला हळू चालवतो ना, मी ऑफिसला पोचले का, दुपारी डबा खाल्ला का, भावाने फोन का उचलला नाही, तू लावून बघ. मी सांगितलं अगं शिफ्टला आहे, फोन लॉकरमध्ये असतो, की "हो का, बरं बरं" म्हणते आणि वीस मिनिटांनी परत तोच प्रश्न. दिवसाला दहा-बारा फोन सहज होतात.

आण्णा एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. आमच्या लहानपणी ते मुक्कामी गाडी घेऊन जायचे, कधी घाटात दरड, कधी गाडी ब्रेकडाऊन, आणि घरात फोन नाही. आई उंबऱ्यात बसून असायची. आम्हाला जेवायला घालायची, झोपवायची, पण स्वतः आण्णा आल्याशिवाय ताटावर बसायची नाही. त्यामुळे मला तिचा राग येत नाही, ती ज्या काळजीत जगली ती खरी होती. तेव्हा विचारायची सोयच नव्हती म्हणून निमूट सोसायची, आता हातात मोबाईल आहे तर दर पाच मिनिटांनी विचारता येतं, आणि विचारून पण बरं वाटत नाही.

गेल्या वर्षी आम्हालाच वाटलं की व्हॉट्सॲपवर लाईव्ह लोकेशन दिलं तर तिचा जीव शांत होईल. झालं उलटंच. खेड शिवापूरच्या टोलला रांगेत अडकलो होतो तर लगेच फोन, "ठिपका हलत नाहीये, काय झालं?" पुढे शिरवळ, खंबाटकी, सातारा, प्रत्येक ठिकाणी एक फोन. सगळा रस्ता तिला आण्णांच्या ड्युटीमुळे पाठ आहे, कुठे वळण आहे कुठे उतार आहे सगळं.

मागच्या महिन्यात कराडला येताना माझ्या फोनची बॅटरी गेली, नवऱ्याचा फोन सायलेंटवर बॅगेत. दीड तास. पोचलो तर तिच्या मोबाईलवरून आम्हा दोघांना मिळून ३१ कॉल झालेले, माझ्या सासूबाईंना, भावाच्या रूममेटला, शेजारच्या काकांना, सगळ्यांना फोन करून झालेले. ती पायरीवर बसली होती. आत परातीत भाकरीचं पीठ मळून ठेवलेलं, ते वरून वाळून भेगाळलेलं. एक शब्द बोलली नाही, माझ्या मुलाच्या कपाळाला हात लावला आणि तसाच ठेवला बराच वेळ. तिचे हात गार पडले होते. मला तिथेच रडू आलं.

आता तब्येतीवर यायला लागलंय म्हणून जास्त भीती वाटते. झोप नाही, रात्री दोन-अडीचला उठून गॅसचा रेग्युलेटर बघून येते, मान-खांदे आखडलेले असतात, छातीत धडधड होते. दोनदा ईसीजी आणि एकदा टूडी इको झालं, सगळं नॉर्मल. तिथल्या डॉक्टरांनी अल्प्राझोलामची (घबराट कमी करायची, झोपेची) गोळी दिली होती थोड्या दिवसांसाठी, ती आता आठ महिने चालू आहे, मनाला वाटेल तेव्हा अर्धी घेते. आम्हाला हे परवा कळलं, डबीत चिठ्ठी सापडली म्हणून. मानसोपचार डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाली, "मला काय येरवड्याला धाडताय का? आईने काळजी करू नये तर कोणी करायची?" नातेवाईक म्हणतात नामस्मरण कर, मन रमव. ती रोज मारुती स्तोत्र म्हणते आणि तेवढी दहा मिनिटं खरंच शांत असते, ते मला अजिबात बंद करायचं नाहीये. पण दहाच मिनिटं.

तर विचारायचं असं की तिला डॉक्टरकडे न्यायला कसं तयार करू, ती गोळी एकदम बंद केली तर चालेल का, आणि फोनचं काय करू? उचलला नाही तर ती तडफडते, उचलला तर दहा मिनिटांनी परत. कोणाच्या घरी असं झालंय का?

---

अपडेट, दीड महिन्यांनी: सगळ्यांचे खूप आभार, एकेक प्रतिसाद दोन-दोनदा वाचला. गोळीबद्दल तुम्ही सगळ्यांनी जे बजावलं तेच डॉक्टरांनी सांगितलं, इतके महिने घेतलेली अल्प्राझोलाम एकदम तोडायची नाही, नाहीतर घबराट आणि निद्रानाश उसळून येतो, क्वचित फिटसुद्धा येऊ शकते. हळूहळू डोस कमी करायचा, तोही त्यांच्याच देखरेखीखाली.

ज्यांनी टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर दिला त्यांचे विशेष आभार. २०२२ पासून चालू आहे आणि फुकट आहे, मला माहीतच नव्हतं. आधी मीच फोन केला, मराठीत व्यवस्थित बोलल्या त्या ताई, आणि म्हणाल्या आईला "काळजी कमी करायला" नका नेऊ, "झोप आणि धडधडीसाठी" न्या. तसंच केलं. आण्णा म्हणाले मी पण दाखवतो माझी झोप, चल बरोबर. आण्णा बरोबर म्हटल्यावर ती निघाली.

डॉक्टरांनी आधी थायरॉईडची तपासणी करायला लावली, कारण थायरॉईड जास्त काम करत असेल तरी अशीच धडधड आणि हातांची थरथर होते. ते नॉर्मल निघालं. मग काळजी किती आहे ते मोजायचा सात प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतला, २१ पैकी १६ आले. जनरलाइज्ड अँग्झायटी म्हणाले, सहा महिन्यांच्या वर जवळजवळ रोज, एका नाही तर सगळ्याच गोष्टींची आवरता न येणारी काळजी. आईने विचारलं, "म्हणजे मला आजार आहे, स्वभाव नाही?" ते म्हणाले स्वभाव प्रेमळ आहे, आजार वेगळा आहे. त्यावर ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. नवीन गोळी चालू केलीये, गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ झाली पण आता नाही. समुपदेशनही आहे, पंधरा दिवसांतून एकदा.

फोनचं त्यांनी असं समजावलं की दर वेळी "सगळं ठीक आहे गं" म्हटलं की तिला घटकाभर बरं वाटतं आणि पुढच्या वेळी तेच ऐकायची गरज अजून वाढते. त्यामुळे पोचल्यावर एक फोन, तो आमच्याकडून, चुकवायचा नाही. मधल्या फोनला उत्तर देण्याऐवजी "जीव घाबरतोय ना गं, मला कळतंय, पोचल्यावर बोलते" एवढंच. लाईव्ह लोकेशन बंद. बाकी जे जे मनात येईल ते वहीत लिहायचं आणि संध्याकाळी पाच ते सव्वापाच तेवढ्याचाच विचार करायचा. ती मुलाच्या जुन्या दोन रेघी वहीत लिहिते. परवा वाचून दाखवलं, नऊ ओळी होत्या, त्यातल्या सहा तिने स्वतःच खोडल्या, "हे तर झालंच नाही" म्हणून.

दिवसाचे फोन आता चार-पाचवर आलेत. अडतंय ते भावाच्या नाईट शिफ्टला. त्या रात्री ती अजूनही जागीच असते, आणि आण्णांना तिचं बघवत नाही, मग तेच गुपचूप भावाला फोन लावून तिला सांगतात, "बोललो मी, ठीक आहे तो." चाळीस वर्षं हिला वाट बघायला लावली, आता एक फोन करायला माझं काय जातं, असं म्हणतात. मला त्यांना नाही म्हणवत नाही. पुढच्या वेळी आण्णांनाही समुपदेशनाला बसवावं का? कोणी आई-वडिलांना असं एकत्र नेलं असेल तर नक्की लिहा.