बुधवारच्या बाजारात मिळालेला हत्तीचा बिल्ला

गोदाकाठचा_भंगारप्रेमी:
मंडळी, परवा गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जुन्या कुलपांच्या ढिगात एक टोपीचा बिल्ला सापडला. चारशे सांगितले, अडीचशे दिले. पांढरट धातू, चांदणीचा आकार, वर मुकुट, मध्ये कर्णा, खाली एवढासा हत्ती आणि त्याच्यावरच्या पट्टीत इंग्रजीत ‘आसाये’. विकणारा म्हणे देवळालीच्या बंगल्यातला माल. (नाशकात ‘देवळालीचा’ म्हटलं की भाव वाढतो, तेही माहीत आहे.) मी पोलिसांची जुनी बक्कलं जमवतो, यातलं ओ की ठो कळत नाही. हत्ती आहे म्हणजे आपल्याकडची पलटण का? आणि चिंच लावून घासू का?

जुनी_पलटण:
चिंच अजिबात नको! घासून घासून हत्तीची सोंड गेलेले बिल्ले पाहिलेत मी. कोरडं मऊ फडकं, बस.
पलटण स्कॉटिश, हायलँड लाइट इन्फन्ट्री. हत्ती मात्र आपल्याकडचा. आसाये म्हणजे जालना जिल्ह्यातलं आसई. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथं इंग्रजांचा सेनापती वेलस्ली विरुद्ध शिंदे-भोसले अशी लढाई झाली. ७४वी हायलँडर पलटण मराठ्यांच्या तोफांपुढे सापडली नि पार कापली गेली. जिंकले इंग्रजच, पण किंमत मोजून. त्या दिवसाची खूण म्हणून हा हत्ती. १८८१ ला ७१वी आणि ७४वी एकत्र करून ही पलटण केली, तेव्हा तो सोबत आला.

लॅमरोडकर:
देवळालीचा माल असूही शकतो, दादा. १८६१ पासून इथं गोऱ्या सैनिकांचा तळ होता, मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत पडून असायचे. पण नंतर पाडलेल्या नकलाही बख्खळ. मागे काय आहे? आणि मुकुटाची कमान फुगीर की मध्ये खचलेली? फुगीर असेल तर साधारण १९०१ ते १९५२ मधल्या इंग्लंडच्या राजांच्या काळातला. खचलेली म्हणजे एकतर व्हिक्टोरियाचा, नाहीतर १९५२ नंतरचा.

गोदाकाठचा_भंगारप्रेमी:
कमान फुगीर. मागे दोन तांबूस कड्या, एक पुन्हा झाळलेली दिसते. हत्तीची पाठ झिजलीय, पण सोंड शाबूत.
म्हणजे आपण हरलो त्या लढाईचा हत्ती मी घासाघीस करून घरी आणला! आई म्हणते, देव्हाऱ्यात ठेवू नकोस म्हणजे झालं.
कड्यांत घालायची पिन नाही. पुढच्या बुधवारी त्याच कुलपांच्या ढिगात शोधतो.