आईच्या दोन्ही कानांना दडे, स्टेरॉइडने बरं वाटतं मग परत तेच, हे इम्युनिटीमुळे असू शकतं का?

सुदामानगरवाली:
मंडळी, जरा लांबण लागेल पण वाचा. आई 56 ची, आमवात आठ वर्षांपासून. दिवाळीत डाव्या कानाला दडा बसला, आम्हाला वाटलं मळ असेल नाहीतर सर्दी, महिनाभर तसंच काढलं. मग फेब्रुवारीत उजवाही सुरू. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत म्हणून डाळ लागायला लागली, कानात सतत सूंऽऽ आवाज, मधूनच घर फिरतंय म्हणते. रंगपंचमीला मावशीकडे गच्चीतून आपल्या इंदूरची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघत होतो, राजवाड्याचा तो दणदणाट, आणि ही मला विचारते, यंदा आवाज कमी ठेवलाय का गं? धस्स झालं मला. कानाच्या डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं, दहा दिवसांत ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) सुधारला, डोस उतरवला की परत खाली. आता म्हणतात शरीराची इम्युनिटीच कानावर उलटली असावी. पण कानाची म्हणून वेगळी ब्लड टेस्ट नाही म्हणे. मग कळतं कसं? काही समजून नाही राहिलं.

जिरावण_मारके:
ताई टेन्शन नका घेऊ, वय झालं की होतंच. आमची आजी लसणाचं कोमट तेल घालायची, कान मोकळा.

शंख_शिंपले:
भिया तेल अजिबात नको, ते पडद्याच्या अलीकडेच राहतं, इथे भानगड पडद्याच्या पार पलीकडे, कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानातल्या ऐकण्याच्या शंखात आहे. मी ऑडिओलॉजीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या कामात आहे म्हणून बोलतो. आणि वयाचा बहिरेपणा वर्षानुवर्षं हळूहळू येतो, चार महिन्यांत दोन्ही कान खालीवर होत नाहीत.
पूर्वी समजूत होती की आतल्या कानापर्यंत इम्यून सिस्टीम पोचतच नाही, रक्त आणि कान यांच्यात पक्की भिंत आहे. पण तिथे एंडोलिम्फॅटिक सॅक नावाची छोटी पिशवी असते, तिच्यात रोगप्रतिकारक पेशी सापडतात. 1979 मध्ये मॅककेब नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी असे पेशंट मांडले, दोन्ही कान, आठवड्यांत-महिन्यांत उतरणारे, आणि स्टेरॉइडने परत चढणारे. आता याला ऑटोइम्यून इनर इअर डिसीज म्हणतात, म्हणजे स्वतःच्याच इम्युनिटीने आतल्या कानाला होणारा आजार. दुर्मिळ आहे हं, प्रत्येक बहिरेपणाला हे लेबल लावू नका. पक्की टेस्ट नाहीच, म्हणून निदान असं जोडून जोडून होतं: कानांचा हा पॅटर्न, आधीचा आमवात किंवा ल्युपससारखा इम्युनिटी उलटण्याचा दुसरा आजार, स्टेरॉइडला प्रतिसाद, शिवाय एमआरआय करून नसेवर गाठ नाही ना ते बघणं आणि सिफिलिस या गुप्तरोगाची टेस्ट. त्या टेस्टचं नाव ऐकून लाजू नका, तोही कान असाच घालवतो.
डोस उतरवताना कान पडणं नेहमीचंच. मेथोट्रेक्सेट या इम्युनिटी दाबणाऱ्या औषधाने स्टेरॉइडचा फायदा टिकतो का हे अमेरिकेत तपासलं होतं, 2003 ला निकाल आला, टिकत नाही. त्यामुळे पुढे काय ते कानवाले आणि रुमॅटॉलॉजिस्ट (आमवाताचे डॉक्टर) दोघांनी मिळून ठरवावं. स्टेरॉइडची गोळी मनाने बंद नको, त्याने शुगर वाढू शकते म्हणून ती तपासत राहा.
एक सांगा, आईचे डोळे लाल होतात का? उजेड सहन होत नाही असं काही?

मीठ_कमी:
आमच्या ह्यांना मेनिएर हा आतल्या कानाचा आजार आहे, तिथेही गरगरतं, सूं वाजतं, दडा बसतो, पण एकच कान आणि अटॅक आला की काही तासांत ओसरतो. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं, आता इंदूरात शेवेशिवाय पोहे खायचे म्हणजे शिक्षाच 😄 पण मेनिएरमध्येही काही जणांत इम्युनिटीचा हात असू शकतो असं डॉक्टर म्हणाले होते. सगळे ऑडिओग्राम एका फाइलीत तारखेप्रमाणे लावा, आम्हाला त्याचाच उपयोग झाला.

सुदामानगरवाली:
शंख दादा, डोळे! महिनाभर चुरचुरतात म्हणते, ट्यूबलाइट बंद करायला लावते, आम्ही म्हणायचो सीरियल कमी बघ. याचा कानाशी संबंध?

शंख_शिंपले:
असू शकतो. कोगन सिंड्रोम म्हणून आहे, 1945 मध्ये एका डोळ्याच्याच डॉक्टरांनी वर्णन केलेलं, बुबुळावर सूज आणि सोबत कान आणि चक्कर. आमवातातही डोळा सुजतो. असेलच असं नाही, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून बघायचं यंत्र) दाखवा, आणि कानाचंही सांगा, नाहीतर नुसते ड्रॉप घेऊन परत याल.

सुदामानगरवाली:
उद्या सकाळी अकराची वेळ मिळाली. आईला ओरडून सांगावं लागलं, खालच्या काकूंनाही कळलं.